हिरड्या वाढल्यात? आधी गोळीच्या पट्टीची मागची बाजू वाचा

तुमच्या आईंबद्दल तुम्ही इथे लिहिलेलं वाचलं आणि मला माझेच दिवस आठवले. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून दातांवर उतरल्यात, दुखत नाहीत पण ब्रश लागला की रक्त येतं, आणि दोन डेंटिस्ट 'नीट ब्रश करा' म्हणून परत पाठवतात. बीपीची गोळी चालू आहे हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बीपीच्या काही गोळ्यांनीही हिरड्या वाढतात.

माझी गोळी ॲम्लोडिपिन होती. ती सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत पटाशीच्या दोन दातांमध्ये डाळिंबाच्या दाण्याएवढा फुगवटा आला. वर्षभरात दात निम्मे झाकले गेले. भाकरीचा पापुद्रा तिथे अडकून बसायचा, पेरू खाल्ला की फोडीवर रक्त दिसायचं.

माझी चूक इथे झाली. एका दवाखान्यात (नाव घेत नाही) फॉर्म भरायला दिला, त्यात 'चालू औषधे' या रकान्यात मी नुसतं 'बीपीची गोळी' लिहिलं. कुठली, हे मी लिहिलं नाही आणि तिथे कुणी विचारलंही नाही. हिरड्या कापल्या. आठवडाभर पेज आणि मऊ भात. सहा महिन्यांत हिरड्या पुन्हा तेवढ्याच! परत गेलो तर चारचौघांत मलाच सुनावलं, की तुम्ही तोंड स्वच्छ ठेवत नाही. तो राग अजून गेलेला नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे 1939 सालीच छापून आलंय, ती गोळी घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिननेही होतो. बीपीच्या गोळ्यांत निफेडिपिनने जास्त, ॲम्लोडिपिनने कमी. पण कमी म्हणजे होतच नाही असं नाही ना?

स्वच्छतेचा संबंध आहेच, ते नाकारत नाही. औषधामुळे हिरडीत तंतू साठत जातात आणि दातांवर कीटण असेल तर सूज आणखी वाढते. पण नुसत्या ब्रशने माझं भागलं नाही. शेवटी फिजिशियननी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, दुसऱ्या डेंटिस्टकडे दात साफ करून घेतले, आणि चारेक महिन्यांत हिरड्या बऱ्याचशा उतरल्या. पुन्हा कापायची वेळ आली नाही. माझ्या मते गोळीचा निकाल लागेपर्यंत कापाकापीला हो म्हणूच नका.

मी डॉक्टर नाही, हा फक्त माझा अनुभव. गोळी आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. फिट्सची तर मुळीच नाही, एकदम थांबवली तर फिट्स थांबेनाशा होऊ शकतात. आणि हिरड्या झपाट्याने वाढत असतील, सोबत ताप किंवा फार थकवा असेल तर आधी रक्त तपासा, कारण रक्ताच्या कॅन्सरमध्येही हिरड्या सुजतात.

आणखी एक, आईंचे घोटे संध्याकाळी सुजतात का? ॲम्लोडिपिनने तेही होतं. फिजिशियनना दोन्ही एकदमच सांगा. आणि पट्टीवरचं मोठं नाव बऱ्याचदा कंपनीने ठेवलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कधीकधी एका गोळीत दोन-दोन औषधं असतात, ती मागे बारीक अक्षरात लिहिलेली असतात. उजेडात धरून वाचा आणि इथे लिहा, मग पुढचं बोलू.