'सरसेनापती' कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आहे: राष्ट्रपती तिन्ही दलांचे 'सरसेनापती' असतात असं शाळेत शिकलो, पण हाच शब्द काही जण लष्करप्रमुखांनाही लावतात. बरोबर काय? आणि युद्धात शेवटचा शब्द कोणाचा?

'सर' हा फारसी शब्द. अर्थ डोकं, म्हणून मुख्य. शिवकाळात फौजेच्या मुख्याला सरनौबत म्हणत. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावं संस्कृत झाली, तेव्हा सरनौबताचा सेनापती झाला आणि अष्टप्रधानांत बसला. त्या वेळी या पदावर हंबीरराव मोहिते होते. म्हणजे मराठीला ठाऊक असलेला सेनापती हा स्वतः रणात उतरून फौज चालवणारा माणूस. पण मोहीम कुठे काढायची आणि तह कधी करायचा, हे ठरवायचे छत्रपती. शाहू महाराजांच्या काळात ही घडी विस्कटली. 1731 मध्ये गुजरातेतल्या डभईला पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्याच फौजा भिडल्या आणि त्यात दाभाडे पडले. एकाच गादीचे दोन प्रधान! मला हा प्रसंग फार बोलका वाटतो.

आजचा घोळ मात्र इंग्रजी अमदानीतून आला. तेव्हा हिंदुस्थानच्या फौजेचा 'कमांडर-इन-चीफ' हा सैनिकच असे. 15 जानेवारी 1949 रोजी हे पद जनरल के. एम. करिअप्पांकडे आलं. मराठीत त्याला सरसेनापती म्हणणं चपखल होतं. 1955 मध्ये कायद्याने हे नाव काढून 'चीफ ऑफ द आर्मी स्टाफ' केलं गेलं. तोवर राज्यघटनेच्या कलम 53 ने संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं होतंच. इंग्रजीत राष्ट्रपतींनाही 'कमांडर-इन-चीफ' म्हणू लागले, आपण जुनाच प्रतिशब्द पुढे चालवला आणि रणातल्या माणसाचा शब्द राष्ट्रपती भवनात जाऊन बसला.

आता निर्णयाचं. कलम 53 मध्येच या आधिपत्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असं म्हटलं आहे. कलम 74 प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असतं. इथे 'सल्ला' या शब्दाने फसू नये. बोलीत सल्ला मानणं न मानणं आपल्या हाती असतं. घटनेतला सल्ला बंधनकारक आहे, आणि 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने ते स्पष्ट शब्दांत लिहिलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो, एवढंच.

कारगिलचं उदाहरण घ्या. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं होतं, लोकसभा विसर्जित झाली होती, म्हणजे सरकार काळजीवाहू. राष्ट्रपती होते के. आर. नारायणन. तरीही हवाई दल वापरायचं, पण विमानांनी ताबारेषा ओलांडायची नाही, हे सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ठरवलं. कोणतं शिखर कोणत्या पलटणीने कसं घ्यायचं, हे लष्कराने. माझ्या मते ही विभागणी योग्यच आहे: युद्धाची झळ ज्या लोकांना बसते, त्यांना जाब देणाऱ्यांकडेच त्याची मर्यादा ठरवण्याचा अधिकार हवा.

तेव्हा राष्ट्रपतींना 'संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपती' म्हणावं. आधिपत्य म्हटलं की रोजचा हुकूम त्यांचाच असा समज होत नाही. जनरलना लष्करप्रमुख, नौदल आणि हवाई दलाच्या मुख्यांना त्या त्या दलाचे प्रमुख. 'सरसेनापती' इतिहासासाठी आणि 1955 पूर्वीच्या पदासाठी राखून ठेवावा. सीडीएसनाही, म्हणजे 'चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ'नाही, तो लावू नये. 2019 मध्ये ते पद निर्माण करतानाच सरकारने सांगितलं होतं की तिन्ही दलप्रमुखांवर त्यांचा लष्करी हुकूम चालणार नाही. त्यांना 'संरक्षण दल प्रमुख' म्हणणंच ठीक.