सेकंड हँड बीएमडब्ल्यू ५३०डी घेऊ का? रिपेअरिंगला किती जातात?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, २०१३ ची ५३०डी अकरा लाखात मिळतेय, नव्वद हजार किलोमीटर झालंय आणि विकणारा म्हणतोय "इंजिन एकदम थंड चालतं, घाटात पण तापत नाही". बाकी काय पण असू दे, या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं उठलं म्हणून लिहायला बसलोय.

हीच गाडी माझ्याकडं चार वर्षं होती. बेळगावात टिळकवाडीतून उद्यमबागला शॉपवर जायचं आणि यायचं, जेमतेम चार किलोमीटर. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असल्या फेऱ्यांना वापरणं म्हणजे दळण आणायला बैलजोडी जुंपण्यातला प्रकार, पण हौस होती. माझे दाजी तुमच्याच गावचे, तंबाखूची वखार आहे त्यांची, गाडी बघायला तेच सोबत आलेले. मी ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कंप्युटरचे आकडे फोनवर दाखवतं) लावून बघितलं तर अर्धा तास चालवून पण पाण्याचं टेंपरेचर ६८-७० च्या वर जाईना. या गाडीत डॅशवर पाण्याचा काटाच नाही, त्यामुळं असं बघितल्याशिवाय कळत नाही. मी म्हटलं, दाजी हे कमी आहे. ते म्हणाले, "अरे थंड चालतीय तर चांगलंच की! माझ्या बोलेरोचा वॉल काढून फेकलाय, बारा वर्षं झाली, काय बिघडलं सांग." (हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही.) बहिणीचा नवरा, त्यात वयानं मोठे, मी गप्प बसलो. तिथंच चुकलं.

सात-आठ महिन्यांनी कोल्हापूरला निघालो होतो, वंटमुरी घाटात पिवळी लाईट आली आणि गाडीनं जीवच सोडला, लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवायला कंप्युटरच ताकद कमी करतो. ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, सारखंच. कडेनं चाललोय तर मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन रिकाम्या ट्रॉल्या, स्पीकरवर कन्नड गाणं फुल्ल, आणि मला ओव्हरटेक करता करता ड्रायव्हर वाकून विचारतो, "एनात्री सावकार्र?" (काय झालं सावकार?) साडेपाचशे एनएम टॉर्कची गाडी ओ! काय सांगणार त्याला.

सर्व्हिस सेंटरला नेली तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) चोक झालाय, नवीन घाला, २ लाख ७० हजार. गावातला एक मेकॅनिक म्हणाला जाळी कापून आतनं पोकळ करतो, पंचवीस हजारात विषय संपला. दाजी लगेच, "करून टाक." मी नाही केलं. एक तर ते बेकायदेशीर, आणि दुसरं म्हणजे जाळी मुळात कशामुळं भरली हे कुणीच बघायला तयार नव्हतं. डीपीएफमधली काजळी जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास लागतात, आणि इंजिन नीट गरम झाल्याशिवाय कंप्युटर ते जाळणं सुरूच करत नाही, केलं तरी अर्ध्यावर सोडतो. अर्धवट राहिलं की त्यासाठी जादा मारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, मग टर्बो आणि चेन दोन्ही झिजतात. सगळं त्या "थंड चालतीय" पासून सुरू.

रविवारी सकाळी गार इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवून उभा राहिलो. होज बराच वेळ गार राहायला पाहिजे, आणि मग एकदम गरम व्हायला पाहिजे. हा दोन मिनिटांत कोमट. थर्मोस्टॅट खोलला, खिडकीकडं धरला, तर बंद असायला पाहिजे त्या वॉलच्या कडेनं नखाएवढा उजेड दिसत होता. एवढ्याशा फटीनं पावणेतीन लाखाचं कोटेशन काढलं होतं. नवा थर्मोस्टॅट मजुरीसकट १९ हजार, जाळी काढून पुण्याला धुवून आणली २४ हजार. नंतर टेंपरेचर ८८ ला जे चिकटलं ते गाडी विकेपर्यंत.

आता तुमचं. टायमिंग चेन इंजिनच्या मागं, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे, त्यामुळं कामाला हात लावायचा तर मोठी उचकाउचकी, दीड-दोन लाख धरा. म्हणून बघायला जाताना मालकाला सांगा की गाडी आधी सुरू करून ठेवू नको, पहिला स्टार्ट तुमच्यासमोर, आणि मागनं खरखर आली तर चहा पिऊन परत या. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" असतं म्हणणाऱ्याला विचारा कुणाची लाइफ, बॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरला बदला म्हणते, मला ३८ हजार रुपये लागले. क्रँकच्या पुलीचं रबर चिरतं, ते बघा. रनफ्लॅट टायर पंचवीस हजाराला एक, स्टेपनी नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातले खड्डे तुम्हाला मी काय सांगायचे. एकूण वर्षाला दीड लाख बाजूला ठेवता येत असतील तरच पुढं जा, नाहीतर नवी क्रेटा घ्या आणि सुखानं झोपा.

गाडी दिल्लीची आहे का तेवढं बघा. २०१५ मध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवाद) तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश काढला, तेव्हापासनं असल्या गाड्या स्वस्तात इकडं यायला लागल्या. आणि एमएच-०९ पासिंग असेल तर "तसंच फिरवा, कोण विचारतंय" यावर जाऊ नका, बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं कर्नाटकात ठेवली की केए-२३ (चिक्कोडी) करून घ्यावी लागते, लाइफटाइम टॅक्स गाडीच्या किमतीवर आणि वयावर बसतो, ते अकरा लाखात धरलेलं नसणार.

हे सगळे आकडे माझ्या गाडीचे, दोन-तीन वर्षांपूर्वीचे, आता वाढले असतील. आणि थंड चालणारी प्रत्येक गाडी खराबच असं पण नाही, कधी नुसता सेन्सर गेलेला असतो.

दाजींना मी तो जुना थर्मोस्टॅट नेऊन दाखवला. बघितला, खिशात टाकला, विषय बदलला. बोलेरोत अजून वॉल नाही, आणि दर थंडीत त्यांची एकच तक्रार असते, महिंद्राचा हीटर काय गरम होत नाही.