गॅलिकचा शोध कॅटलॉगमध्ये कुठे अडतो?

वाचकांचे प्रश्न : ग्रंथालये आणि अभिलेखागारे

प्रश्न : मी दोन वर्षांपासून स्कॉटलंडची गॅलिक शिकतो आहे. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘गॅलिक’ टाकलं की आयर्लंडची पुस्तकं, गॅलिक फुटबॉल, इंग्रजी प्रवासवर्णनं असं सगळं समोर येतं. खुद्द गॅलिकमधली पुस्तकं वेगळी कशी काढायची? (एक वाचक, ग्लासगो)

उत्तर : शोधचौकटीत ‘गॅलिक’ लिहूच नका. प्रगत शोधात जाऊन भाषेच्या रकान्यातून निवड करा. ग्रंथालयीन नोंदींत स्कॉटिश गॅलिकचा संकेत जीएलए, तर आयरिशचा जीएलई आहे. एका अक्षराची चूक झाली तरी भलतीच भाषा हाती येते. स्कॉटिश गॅलिकसाठी पूर्वी जीएई हा संकेत होता. जुन्या नोंदी सुधारल्या नसतील तर तोही घालून पाहावा लागतो. द्वैभाषिक पुस्तकांची मुख्य भाषा अनेकदा इंग्रजीच नोंदलेली असते, त्यामुळे ती या चाळणीतून निसटतात.

कपाटांपाशी जाणार असाल तर ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, भाषा ४९१.६३ आणि साहित्य ८९१.६३ इथे मिळेल. शेवटी ६२ दिसलं तर ते आयरिश. पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या गॅलिक छपाईचा मोठा भाग धार्मिक आहे. या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक, १५६७ सालचं, प्रार्थनाविधीचंच होतं. नवा करार १७६७ मध्ये आला, संपूर्ण बायबल १८०१ मध्ये. ही पुस्तकं धर्माच्या, म्हणजे २०० च्या वर्गात असतात. नुसतं ८९१.६३ चाळणाऱ्याला ती दिसणारच नाहीत.

खरी मेख शब्दाच्या रूपात आहे. मराठीत शब्द शेपटाकडून बदलतो : घर, घरात, घराचा. म्हणून ‘घर’ लिहून पुढे तारांकन (*, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’) दिलं की काम भागतं. गॅलिक शब्द तोंडाकडूनही बदलतो. पहिल्या व्यंजनानंतर एच हे अक्षर येतं आणि उच्चार पालटतो. होडीचा ‘बाता’ हा शब्द ‘वाता’ होतो. शेवटी दिलेल्या तारांकनाचा इथे काही उपयोग नाही. एचसह आणि एचविना असे दोन वेगळे शोध करा.

शिवाय लेखन १९८१ च्या नियमांनी बदललं. घराला पूर्वी टी-आय-जी-एच लिहीत, आता टी-ए-आय-जी-एच लिहितात. ‘ऐकणे’ या अर्थाच्या शब्दात पूर्वी एसडी होतं, तिथे आता एसटी आहे. आपल्याकडे १९६२ पूर्वीच्या ‘नांव’, ‘कांहीं’सारखाच हा प्रकार. जुन्या पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावर छापलं तसंच नोंदवतात, म्हणून शोधतानाही जुनं लेखन वापरा.

लेखकांच्या नावांचंही तसंच. पुरुषाच्या आडनावातला ‘माक’ स्त्रीच्या बाबतीत ‘निक’ होतो, म्हणजे वर्णानुक्रमात एमकडचं नाव एनकडे जातं. कवी सॉर्ली मॅक्लेन यांचं गॅलिक नाव सोर्ले माक गिल-एन. दोन्ही टाका.

प्रश्न : मुलगी गॅलिक माध्यमाच्या शाळेत आहे. ‘फेर अ वाता’ (होडीवाला) हे गाणं जुन्या गायकांच्या आवाजात हवं आहे. कुठे शोधू? (एक पालक, इन्व्हर्नेस)

उत्तर : ‘टोबर अन दुअलखइस’ या संकेतस्थळावर. एडिंबरा विद्यापीठातलं, १९५१ मध्ये सुरू झालेलं स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी स्कॉटलंड आणि कॅना बेटावरचा कॅम्पबेल संग्रह, या तिन्हींची ध्वनिमुद्रणं तिथे मोफत ऐकता येतात.

लोकगीताला ठरलेलं शीर्षक नसतं. कुणी पहिली ओळ नोंदवतो, कुणी धृपद. तुमच्या गाण्यात होडीवाल्याला हाक मारली आहे, आणि हाक मारताना ‘फेर’चं ‘इर’ होतं : एफ-ई-ए-आरच्या जागी एफ-एच-आय-आर. दोन्ही रूपं शोधा. लोकरीचं कापड घट्ट करताना म्हणायच्या श्रमगीतांत धृपद निरर्थक अक्षरांचं असतं आणि ते ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेलं. तिथे शीर्षकाचा नाद सोडून गाव, गायक किंवा संग्राहक धरा. कॅलम मॅक्लेन या संग्राहकाच्या नावाने एकदा शोधून पाहाच.

गाव धरताना जुना जिल्हा ठाऊक हवा. १९७५ पर्यंत हॅरिस, यूइस्ट आणि बारा ही बेटं इन्व्हर्नेसशायरमध्ये होती, शेजारचं लुइस मात्र रॉस अँड क्रोमार्टीत. जुन्या नोंदी त्याच नावांखाली सापडतात. शाळांची, पॅरिशची (चर्चच्या स्थानिक विभागाची) कागदपत्रं शोधतानाही हे लागू आहे.

मुद्रण सापडलं की मूळ फितीचा क्रमांक लिहून घ्या. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या फितींचा क्रमांक एसए ही अक्षरं आणि मुद्रणाचं वर्ष यांनी सुरू होतो. चौकशी करताना शीर्षकापेक्षा हा क्रमांक उपयोगी. घरी ऐकायला परवानगी लागत नाही, पण शाळेच्या कार्यक्रमाची चित्रफीत करून वर चढवायची असेल तर आधी विचारा.

प्रश्न : ‘बुक ऑफ द डीन ऑफ लिस्मोर’ या हस्तलिखिताची पानं पुण्यात बसून पाहता येतील का? (एक अभ्यासक, पुणे)

उत्तर : हे हस्तलिखित एडिंबरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिथल्या गॅलिक हस्तलिखितांच्या प्रतिमा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आणि डब्लिनच्या ‘आयरिश स्क्रिप्ट ऑन स्क्रीन’वर पाहायला मिळतात. दोन्हीकडे शोधताना नावाऐवजी संग्रहक्रमांक वापरा : अॅडव्होकेट्स एमएस ७२.१.३७. राष्ट्रीय ग्रंथालय १९२५ मध्ये झालं ते वकिलांच्या ग्रंथालयातून, म्हणून क्रमांकात अजून ‘अॅडव्होकेट्स’ आहे.

प्रतिमा उघडल्यावर गॅलिक ओळखूच येणार नाही, याची तयारी ठेवा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या संग्रहातल्या कविता गॅलिक असल्या तरी लेखन स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या भाषेच्या वळणाचं आहे, अक्षरही त्या काळच्या दफ्तरी लपेटीचं. फादर स्टीफन्सचं १६१६ चं ‘क्रिस्तपुराण’ मराठी असून रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने छापलं गेलं, त्यातलाच हा प्रकार. आजच्या लेखनाने त्याच्या लिप्यंतरात शब्द शोधलात तर बहुधा काहीच सापडणार नाही. छापील संपादित आवृत्ती शेजारी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहा.