पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढतं का?

सोयाबीनचा सिझन सुरू झाला की या पानावर माल-गाड्यांचीच पत्रं जास्त येतात. यावेळी तीन घेतलीत. पहिल्याचंच उत्तर जरा लांबलंय, कारण पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की पासिंग (कागदावर मंजूर झालेलं वजन) वाढतं का, हा तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं सगळे विचारायलेत.

प्रश्न : दादा, माझी पिकअप आहे, औसा तालुक्यातून लातूरच्या मार्केटला सोयाबीन टाकतो. आर.सी.वर रिकामं वजन १,६५० आणि जी.व्ही.डब्ल्यू. २,९५० लिहिलंय. मी ६० किलोचे ३० कट्टे भरायलो, सोबत एक हमाल असतो. मागच्या वर्षी दोन्हीकडं एक-एक पाटा जास्तीचा टाकला, हौद्याला लोखंडी जाळी आणि अँगल मारला, आता गाडी अजिबात बसत नाही. गॅरेजवाला म्हणला बिनधास्त भर. तरी मागचे टायर आतल्या बाजूनं फाटायलेत, एक तर रस्त्यातच फुटला. टायरची कंपनी बदलू का? टायरवर १०२ असा आकडा आहे, तो काय असतो?
— एक वाचक, औसा

उत्तर : कंपनी बदलू नका भाऊ, अगोदर हिशोब बदला.

जी.व्ही.डब्ल्यू. म्हणजे माल किती भरायचा ते नाही. गाडी, माल, तुम्ही, हमाल, ताडपत्री, दोर, सगळं मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. आता २,९५० मधून १,६५० गेले की १,३०० उरतात आणि इथंच सगळे म्हणतात चला, तेरा क्विंटल माल बसतो. पण कायद्यात रिकामं वजन मोजताना स्टेपनी, जॅक असलं रोजचं सामान धरतात, ड्रायव्हर आणि हमाल धरत नाहीत. तुम्ही दोघं मिळून १४० किलो धरू. वरून ती जाळी आणि अँगल, ते तर गाडी पास झाल्यावर मारलेलं, म्हणजे आर.सी.च्या १,६५० मध्ये ते आलेलंच नाही, ते ९० किलो तरी असेल. राहिले १,०७०. साठ किलोचे सतरा कट्टे १,०२०, अठरावा टाकला की १० किलोनं वर गेलात. तुम्ही टाकायलात तीस. एकूण ३,६८० किलो होतात, म्हणजे ७३० किलो जास्त.

आता तो १०२. तो टायरचा लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, आणि ते पण हवा पूर्ण असताना. मागं दोन टायर, म्हणजे मागच्या ॲक्सलला टायरच्या हिशोबानं १,७०० पर्यंतच. रिकामी गाडी मागं साधारण ७०० टाकते असं धरू, आणि पिकअपमध्ये हौद्यातलं बहुतेक वजन मागच्याच ॲक्सलवर येतं, तुमचे १,८०० आणि ती जाळी मिळून १,६०० तरी मागं गेलेच. झाले २,३००. एका टायरवर साडेअकराशे, तो सोसतो साडेआठशे! अशात हवा थोडी जरी कमी असली तर बाजूची भिंत सारखी मुडपते, गरम होते आणि आतून सुटते. सोयाबीनच्या दिवसात आपल्याकडं दुपारचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कोणत्याही कंपनीचा टायर आणा, तो हेच करणार.

आणि पाट्याचं. गाडी मागून बसायची ना पहिल्यांदा? ती बसून तुम्हाला सांगायची की बास झालं. तुम्ही पाटा वाढवून तिचं तोंड दाबलं, बाकी काही वाढलं नाही. हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) तेच, बेअरिंग तेच, चासी तीच, ब्रेकचे लायनर तेच. कंपनी जो आकडा देते तो या सगळ्यात जे सगळ्यात कच्चं असेल त्याला धरून असतो, आणि तुमच्या गाडीत कच्चं पाटे नव्हतेच. गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही, मी पण वीस वर्षं गॅरेज चालवलंय आणि सुरवातीला मी पण असे पाटे टाकून दिलेत, गिऱ्हाईक खूश व्हायचं. नंतर तीच गाडी क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) गेलं म्हणून यायची तेव्हा मला बोलायला तोंड नसायचं.

दंडाचं पण ऐका. २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरून जास्तीच्या दर टनाला २,०००, शिवाय माल उतरवायचा खर्च तुमचाच. तुमचं तर टनभर पण जास्त नाही, तरी वीस हजार ठरलेले. गाडी थांबवून काट्यावर न्यायचा अधिकार आर.टी.ओ.वाल्यांना आहे, आणि काटा करायला नाही म्हणलं तर दंड ४०,०००. चालवणाराच नाही, भरून पाठवणारा मालक पण त्यात येतो.

सतरा कट्ट्यात भाडं परवडत नाही हे तुम्ही म्हणणार, आणि ते खरंच आहे, डिझेलचा भाव मला पण माहितीये. मग कट्ट्यावर भाडं घेऊ नका, खेपेवर ठरवा, नाहीतर शेजारच्या दोघा-तिघांचा माल एकत्र करून मोठी गाडी सांगा. दोन ॲक्सलचा मोठा ट्रक २०१८ पासून गाडीसकट साडेअठरा टनाला पास होतो, त्यात तुमचं अख्खं शिवार जाईल. आणि हो, हमालाला कट्ट्यांवर बसवू नका, मालाच्या गाडीत वर बसलेल्या माणसाचं काही झालं तर विमावाले हात वर करतात.

प्रश्न : जालन्यातून सळई भरतो, प्रत्येक वेळी काटा करायला रांग लागते. डोळ्यानं अंदाज येतो का? सळया फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बाहेर चार फूट निघतात, लाल फडकं बांधलं तर चालतं ना?
— एक वाहनचालक, अंबड

उत्तर : डोळ्यानं नाही, पण तोंडी हिशोबानं येतो. जाडीचा मिलीमीटरचा आकडा त्यालाच गुणा आणि १६२ नं भागा, ते झालं एका मीटरचं किलोत वजन. १२ एमएम असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९. बारा मीटरची एक सळई पावणेअकरा किलोच्या जवळ, शंभर नग म्हणजे टनाच्या वर. १६ एमएमची एकच १९ किलोला जाते, त्यामुळे बंडल बारीक दिसला म्हणून फसू नका.

फडक्यानं वजन कमी होत नाही. मागच्या चाकाच्या पलीकडं जेवढं लटकतं तेवढं पुढचं टोक उचललं जातं, स्टेअरिंग हलकं लागायला लागलं की समजून जा. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर हे असं झालं तर काय करणार? वर बाहेर निघालेल्या मालाला २०,००० चा वेगळा दंड आहे. सळई वाकवून आणा नाहीतर लांब हौद्याची गाडी बघा.

प्रश्न : उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या मागं पाच हजार लिटरची टाकी ओढतो. रस्ता खराब असल्यामुळं अर्धीच भरावी म्हणतो, तेवढीच सेफ्टी. बरोबर ना?
— एक शेतकरी, आष्टी

उत्तर : वजनाला बरोबर, वळणाला चूक. पाणी लिटरला किलो, भरली तर पाच टन आणि वर टाकीचं लोखंड. ट्रॉलीच्या स्वतःच्या आर.सी.वर तिचं वेगळं वजन लिहिलेलं असतं, ते बघा, ट्रॅक्टरचं नाही. पण अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक मारला की पुढं धावतं आणि वळणावर एका अंगाला जातं, ट्रॉली उलटते ती अशीच. आत आडवे पडदे वेल्ड केलेली टाकी असेल तर हे बरंच कमी होतं, तुमच्या टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारून बघा पडदे आहेत का. नसतील तर ट्रॉलीच्या आकड्यात बसेल अशी लहान टाकी घ्या आणि ती काठोकाठ भरा.