शेरीफलाच अटक करायची तर?

प्रश्न: इंडियानातल्या एका छोट्या काउंटीत आमचं मोटेल आहे. गेल्या महिन्यात रात्री शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) स्वतः आला आणि पाहुण्यांचं रजिस्टर मागू लागला. मिस्टरांनी वॉरंट विचारलं, तर त्यांचा हात पिरगाळून काउंटरवर दाबलं. मनगट मोडलं. तक्रार द्यायला गेले तर डेप्युटी हसला, "शेरीफला अटक करणार कोण?" खरंच कोणी नाही का?

उत्तर: ताई, डेप्युटीने स्वतःच्या राज्याचा कायदा वाचलेला दिसत नाही. इंडियानात शेरीफविरुद्ध वॉरंट निघालं तर ते बजावतो कॉरोनर. हो, तोच, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा. शेरीफ आत असेपर्यंत काउंटी जेलचा ताबाही कॉरोनरकडेच. ही जुन्या इंग्लिश कायद्यातली सोय. वॉरंट बजावणार शेरीफ, जेल सांभाळणार शेरीफ, मग तो स्वतःला कसा धरणार? (मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, यांच्याबाबत हा प्रश्न कधी पडला नाही. पद नुसतं मानाचं!)

पण म्हणून उद्या कॉरोनरचं दार ठोठावू नका. वॉरंट न्यायाधीश काढतात आणि त्याआधी तपास लागतो. तो इंडियाना स्टेट पोलिसांकडे मागा. काउंटीच्या सरकारी वकिलाचं शेरीफशी रोजचं काम, तेव्हा विशेष सरकारी वकील नेमायची मागणीही करा. दुसरी वाट एफबीआयची. वर्दीच्या जोरावर कुणाचे घटनात्मक हक्क जाणूनबुजून तुडवणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि तिथे कॉरोनर लागत नाही. तुमच्याच राज्यात लेक काउंटीचा शेरीफ पदावर असतानाच, टोइंगच्या कामासाठी लाच घेतली म्हणून, २०१७ मध्ये फेडरल कोर्टात दोषी ठरला.

मिस्टरांनी वॉरंट विचारलं यात काही चुकलं नाही. लॉस एंजेलिस शहर विरुद्ध पटेल या खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं: आधी दाद मागायची संधी न देता, पोलिसांनी मागितलं की रजिस्टर द्यायलाच हवं, अशी सक्ती मोटेलवाल्यावर करता येत नाही. तिथेही मोटेलवाले आपलेच देशी.

अटकेच्या नादात भरपाईची मुदत मात्र घालवू नका. राज्याच्या कायद्याखाली काउंटीविरुद्ध दावा करायचा तर घटनेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नागरी हक्कांच्या फेडरल दाव्याला दोन वर्षं आहेत. वकील शेजारच्या काउंटीतला धरा, गावातल्याला शेरीफशी वाकडं घेणं जड जातं.

शेरीफ पुन्हा आला तर हुज्जत घालू नका, 'आम्हीच पकडतो' असलं तर मनातही आणू नका. आणि काउंटरवरचा कॅमेरा चालू होता का? तसले डीव्हीआर काही आठवड्यांत जुनं फुटेज आपोआप पुसतात. एक महिना उलटलाय. हे वाचून झालं की आधी ते पाहा.