सामायिक सुविधा केंद्रात अडीच लाख घालावेत का? सिन्नरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माळेगाव एमआयडीसीत तुमचं आणि दिरांचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. बावीस जणांचा गट मिळून पावडर कोटिंग (पत्र्यावर पावडरचा रंग चढवून भट्टीत पक्का करणं) आणि टेस्टिंगचं सामायिक सुविधा केंद्र उभं करायचं चाललंय. मोठा वाटा सरकारी अनुदानाचा, उरलेला सभासदांचा, त्यात तुमचे अडीच लाख. दीर म्हणतात सरकारी भानगडीत पडायचं नाही. आणि तुम्ही विचारताय की सरकार आणि उद्योजक एकत्र आल्यानं भागाचं खरंच भलं होतं का.

होतं. नाशिक त्यावरच उभं राहिलं. पण तुमच्या अडीच लाखांपुरतं बोलायचं तर डीपीआरमधलं, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालातलं, एक पान वाचल्याशिवाय सही करू नका: केंद्र सुरू झाल्यावर दर महिन्याचा खर्च कोण भरणार आणि कशातून. अनुदान उभारणीला मिळतं. चालवणं एसपीव्हीच्या, म्हणजे तुमच्या बावीस जणांच्या कंपनीच्या गळ्यात असतं, आणि अशी केंद्रं बहुतेक तिथेच आजारी पडतात.

दिरांसाठी थोडं मागचं सांगतो. 1962 च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 1963 ला नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि 1964 मध्ये ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला. एमआयडीसीही 1962 चीच. सातपूरला, मग अंबडला जमीन, पाणी, रस्ते सरकारनं दिले. मायको, म्हणजे आताची बॉश, आणि महिंद्र यांच्यासारख्या कंपन्यांनी काम दिलं. पण खरा फायदा पुढच्या पिढीत दिसला. मी ज्यांच्या हाताखाली लेथ शिकलो ते ओझरहून निवृत्त झालेले होते. मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं, आणि जॉब मापात नसेल तर गुपचूप पुढे सरकवायचा नाही, ही सवय लावली. अशा माणसांनी आणि त्यांच्या शिष्यांनी अंबडच्या गल्लीगल्लीत शेड टाकल्या. हे कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं, पण मोठ्या गुंतवणुकीतून भागात काय उरतं असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवतो.

तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे मुसळगाव. सिन्नर तालुका औद्योगिक सहकारी वसाहत ही उद्योजकांचीच संस्था आहे, संचालक सभासदांतून निवडून येतात. सातपूरची नाईसही सहकारी वसाहत. रस्त्यावरचा दिवा गेला तर तक्रार कुणाकडे करायची हे तिथल्या माणसाला माहीत असतं, कारण तो संचालक शेजारच्याच प्लॉटवर असतो. तुमच्या केंद्रातही असंच व्हायला हवं.

आता लासलगावकडे वळतो, कारण तुमच्या डीपीआरमध्ये तीच चूक असण्याची मला भीती वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तिथं 2002 मध्ये ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्टच्या किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबतं, हे शास्त्र पक्कं आहे. बाजार लासलगावचा, कांदा नाशिकचा, म्हणजे गिऱ्हाईक दारात. तरी कांदा तिथं फार गेला नाही. नेणं, विकिरण, पुढची साठवण, असा सगळा खर्च कांद्याच्या भावात बसवणं अवघड. 2007 मध्ये अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं आणि विकिरणाची अट घातली, तेव्हा कोकणातला हापूस या केंद्रातून अमेरिकेला गेला. पुढे ते खासगी चालकाकडे चालवायला दिलं गेलं. यंत्रणेत काही खोट नव्हती. ज्याच्यासाठी बांधलं त्याला दर परवडतो का, एवढं आधी बघायला हवं होतं. तुमच्या बावीस जणांपैकी किती जण आज बाहेरून पावडर कोटिंग करून घेतात? कुठे, काय दरानं, महिन्याला किती चौरस फूट? प्रत्येकाची मागच्या सहा महिन्यांची बिलं गोळा करा. बिल नसेल तर त्या सभासदाचं काम शून्य धरा, तोंडी आकडा घेऊ नका.

दुसरं उदाहरण सिटीलिंकचं, म्हणजे नाशिक महापालिकेच्या बससेवेचं, 2021 पासूनचं. बस ठेकेदाराच्या, तिकिटाचे पैसे महापालिकेचे, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे रक्कम. यातून तोट्याच्या मार्गावरही बस धावते, हा प्रवाशाचा मोठा फायदा. पण चालक-वाहक ठेकेदाराचे. त्यांचा पगार थकला की काम बंद, आणि शहराला तेव्हा कळतं की करारात या माणसांची सोय कच्ची होती. तुमच्या केंद्रात बूथवरचा पेंटर आणि ओव्हनवरचा माणूस कुणाच्या पगारावर असेल हे म्हणूनच विचारून घ्या.

वाइनचंही सांगतो, कारण माझ्या मामांचं त्यात नुकसान झालं. राज्यानं 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क केलं. धोरण चांगलं होतं, नाशिकचं नाव त्यानं जगात गेलं. शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. 2008 नंतर मंदी आली, वायनरी अडचणीत आल्या, आणि बागा तोडाव्या लागल्या. ती द्राक्षं खायच्या बाजारात चालत नाहीत, म्हणजे एकच गिऱ्हाईक, आणि तेही गेलेलं. याउलट मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. कंपनी शेतकऱ्यांची, गिऱ्हाईक देशोदेशीचं, माल एका फळावर थांबलेला नाही, आणि 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांचे 310 कोटी आले ते पाया पक्का झाल्यावर.

काही गोष्टी मात्र सरकारशिवाय होतच नाहीत. आपल्याकडे ट्रान्स्फॉर्मर आणि स्विचगिअर बनवणारे इतके, पण मोठ्या चाचण्यांसाठी माल भोपाळ-बंगळूरला न्यावा लागायचा. म्हणून नाशिकजवळ शिलापूरला सीपीआरआयची, म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा व्हावी यासाठी उद्योजक संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. असा खर्च बावीस काय, दोनशे जणांनाही झेपणार नाही. तिथं सरकारनंच पुढं यायला हवं.

आता माझा अनुभव. बरीच वर्षं झाली, आम्ही चौदा जणांनी असंच एक सामायिक युनिट काढलं होतं. मशीन वेळेवर आलं. उच्च दाबाची वीजजोडणी यायला सव्वा वर्ष गेलं. तोवर शिकवून तयार केलेला ऑपरेटर दुसरीकडे लागला. सुरू झाल्यावर काम कमी, आणि मशीन बंद असो की चालू, विजेचा मागणी आकार, म्हणजे वापर नसला तरी भरावी लागणारी रक्कम, यायचाच. सहा जणांनी मासिक वर्गणी थांबवली. उरलेल्या आठ जणांनी खिशातून भरलं, त्यात मी होतो. मैत्र्या तुटल्या त्याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे. आमच्या कागदात वर्गणी थकवणाऱ्याचं काय करायचं याची एक ओळही नव्हती. तुमच्या एसपीव्हीच्या नियमांत ती घालून घ्या: तीन महिने थकलं की सभासदाचा सवलतीचा दर बंद.

पावडर कोटिंगबद्दल थोडं खोलात जातो, कारण डीपीआर लिहिणारे बहुधा बूथ आणि ओव्हनवर भर देतात. खरं काम त्याआधीच्या टाक्यांत असतं. ग्रीस काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, मधल्या धुलाया, ही सात टाक्यांची प्रक्रिया नीट झाली नाही तर पावडर सहा महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटते आणि माल परत येतो. त्या टाक्यांचं सांडपाणी निघतं. त्यासाठी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ईटीपीचा रसायनांचा, गाळाचा आणि तो चालवणाऱ्या माणसाचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरलाय का ते शोधा. दुसरं, रंगाची छटा. तुम्हाला सिमेन्स ग्रे हवा, शेजाऱ्याला पांढरा, तिसऱ्याला निळा. प्रत्येक रंग बदलताना बूथ साफ करायचा, वेळ जातो, पावडर वाया जाते. कोणत्या वारी कोणता रंग, हे आधीच ठरवा, नाहीतर पहिल्या महिन्यातच भांडणं होतील.

टेस्टिंगची मशीनं घेण्याआधी अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरला एकदा जाऊन या. केंद्राच्या योजनेतून आणि इथल्या उद्योजकांच्या सहभागातून ते उभं राहिलंय. दरपत्रक मागा, आणि कोणतं मशीन रोज चालतं, कोणतं पडून असतं हे तिथल्या ऑपरेटरला विचारा. जी चाचणी तिथं होते तिचं मशीन सिन्नरला परत घेऊ नका, ते पैसे ईटीपीत घाला.

दिरांना सोबत न्या. त्यांची शंका रास्त आहे, आणि गटात हिशेब तपासायला असाच माणूस लागतो. डीपीआरची प्रत द्यायला गटप्रमुख टाळाटाळ करत असतील तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मागा. मिळाली की मासिक खर्चाचं आणि ईटीपीचं पान इथं टाका, नावं झाकून. मी रात्री नऊनंतर बसून आकडे बघतो. तोवर चेक देऊ नका.