नेपोलियनसमोर जेनर टिकेल का?

तुमच्या मुलीच्या वर्गात ‘सर्वांत प्रभावशाली युरोपियन’ ठरवायची बाद फेरीची वादविवाद स्पर्धा आहे, तिच्या वाट्याला देवी या रोगावरची लस देणारा इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेनर आलाय आणि पुढची गाठ नेपोलियनशी. टिकेल. पण प्रभाव कशावर मोजायचा, हे तिने सुरुवातीलाच वर्गाकडून कबूल करून घ्यायला हवं.

मी न्यू जर्सीत शाळेत असताना एपी युरोपियन हिस्टरीच्या (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या युरोपीय इतिहासाच्या) वर्गात नेमकी हीच लढत लढले, उपांत्य फेरीत. समोरचा मुलगा ऑस्टरलिट्झची लढाई, नेपोलियनची 1804 ची नागरी संहिता, वॉटर्लूची लढाई असं धडाधड बोलून टाळ्या घेत होता. मी जेम्स फिप्सबद्दल बोलले. 1796 च्या मे महिन्यात जेनरने एका गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य रोगाच्या) फोडातला द्रव या आठ वर्षांच्या मुलाला टोचला, पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचला तरी त्याला काही झालं नाही. 1802 च्या जूनमध्ये ही लस मुंबईत पोचली आणि ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, तिचा धाकटा भाऊ देवीनेच गेला. तेही मी वर्गात सांगितलं. मतं नेपोलियनला पडली, आणि बाई म्हणाल्या, “जेनर हा विज्ञानाचा विषय, इतिहासाचा नव्हे.”

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. नेपोलियनचं साम्राज्य 1815 मध्ये संपलं. जेनरने सुरू केलेलं काम 1980 मध्ये देवीच्या समूळ उच्चाटनाच्या घोषणेपर्यंत पोचलं. माणसं मारणाऱ्याचा तो इतिहास आणि वाचवणाऱ्याचं ते विज्ञान, ही वाटणी कुणी केली?

मुलीने नेपोलियनलाच साक्षीला बोलवावं: इंग्लंडशी युद्ध चालू असतानाही त्याने आपल्या सैनिकांना या इंग्रज डॉक्टरची लस टोचून घ्यायला लावली. यावर मला त्या मुलाकडून उत्तर मिळालं नव्हतं.

हो, नागरी संहितेचा ठसा कित्येक देशांच्या कायद्यांवर अजून आहे, ते नाकारू नये. शिवाय बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने 1774 मध्येच हा प्रयोग घरच्यांवर केला होता, तो मुद्दा समोरून येणारच. जेनरने 1798 मध्ये नोंदींसह तो छापून सगळ्यांसाठी खुला केला, एवढं उत्तर पुरे. आणि विज्ञान-इतिहासाचा मुद्दा निघालाच, तर तिने विचारावं: 1774 मध्ये पंधरावा लुई देवीने मेला आणि फ्रान्सची गादी सोळाव्या लुईकडे गेली, हे कोणत्या तासाला शिकवतात?